किलिमांजारो : उंचीला द्यायचे दिवस

किलिमांजारो करून आलेल्या माणसाला पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग वर्तुळात पहिला प्रश्न विचारला जातो तो 'किती दिवसांत झाला?' हा. जितके दिवस कमी, तितकं कौतुक जास्त. सह्याद्रीत हे चालून जातं. नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड एका दिवसात केला, अलंग-मदन-कुलंग दोन दिवसांत उरकलं, तर त्यात पायांचा दम दिसतो, वाटांची ओळख दिसते. पण ५८९५ मीटर उंचीच्या ज्वालामुखीवर हा हिशेब उलटा लागतो, आणि तो उलटा लागतो हे न सांगताच आपल्याकडे अनेक सहली विकल्या जातात.

किलिमांजारो चढायला दोर लागत नाही, कडे चढण्याचं तंत्र लागत नाही. शिखरापर्यंत पायवाट आहे. आफ्रिका खंडातलं सर्वोच्च शिखर आणि तेही चालत गाठता येणारं, म्हणून जगभरातून लोक येतात. महाराष्ट्रातूनही आता गटच्या गट जातात; कुणी प्रजासत्ताक दिनाला तिरंगा घेऊन, कुणी शिवजयंतीला भगवा घेऊन. गाइडशिवाय चढायला १९९१ पासून मनाई आहे, त्यामुळे प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या कंपनीकडून सहल विकत घ्यावी लागते. आणि सहल विकत घेताना आपण खरं तर दिवस विकत घेत असतो, हे दरपत्रक नीट वाचलं की कळतं.

राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क दिवसागणिक आहे. अलीकडच्या दरांप्रमाणे परदेशी माणसाला रोजचे ७० डॉलर प्रवेशाचे, तंबूच्या वाटेवर रात्रीचे ५० डॉलर मुक्कामाचे, त्यावर १८ टक्के कर. म्हणजे डोंगरावरचा प्रत्येक जादा दिवस माणशी १४० डॉलरच्या वर जातो, आणि हमालांची मजुरी, स्वयंपाक, गाइडचा पगार वेगळाच. सहल स्वस्त करायची तर जेवणात काटकसर करून फारसं हाती लागत नाही. दिवस कापले की एकदम आकडा खाली येतो. ग्राहकालाही रजा कमी लागते म्हणून बरं वाटतं. नुकसान होतं ते फक्त शरीराचं, आणि शरीराला या व्यवहारात कुणी विचारलेलं नसतं.

उदाहरण म्हणून मारंगू वाटेचा पाच दिवसांचा बेत घ्या. हा सगळ्यांत स्वस्त आणि सर्वांत जुना. सुमारे १८७० मीटरवरच्या फाटकातून निघायचं. पहिली रात्र मंडारा, २७२० मीटर. दुसरी होरोंबो, ३७२०. तिसऱ्या दिवशी किबो हट, ४७२०. तिथे संध्याकाळी चार घास पोटात ढकलायचे, जरा आडवं व्हायचं आणि मध्यरात्री शिखराकडे निघायचं. रोज हजार-हजार मीटर, आणि शेवटी एका दमात जवळपास बाराशे. तीन दिवसांच्या आत माणूस ५८९५ वर. गिर्यारोहणातल्या वैद्यकाचा सर्वमान्य दंडक असा की ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. या बेतात तो दंडक पहिल्या रात्रीनंतर रोज मोडला जातो.

आपल्या लष्कराचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. ९ ते १२ हजार फुटांच्या टप्प्यात सहा दिवस, १२ ते १५ हजारांत चार, त्याच्या वर आणखी चार. तेव्हा कुठे जवान वरच्या चौकीवर कामाला लागतो. तोही विशी-पंचविशीतला, कसलेला जवान. १९६२ च्या युद्धात सैन्य घाईघाईनं उंचीवर चढवावं लागलं, त्याची किंमत काय पडली हे पाहिल्यावर आपल्या लष्करी डॉक्टरांनी या विषयात मोठं काम केलं. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ जवानांच्या निरीक्षणांवर लिहिलेला १९६९ चा शोधनिबंध उंचीच्या आजारांवर काम करणारे लोक आजही वाचतात. हे ज्ञान आपल्या घरचं आहे, आणि तरी आपलीच माणसं पाच दिवसांची सहल घेऊन विमानात बसतात, याचं मला वाईट वाटतं.

दिवस नेमके लागतात कशाला, हे समजून घेतलं की ही घाई कुणी करणार नाही असं मला वाटतं. उंचीवर हवेतला ऑक्सिजन टक्केवारीनं कमी होत नाही. तो सगळीकडे २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. किलिमांजारोच्या माथ्यावर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, म्हणून एका श्वासात येणारा ऑक्सिजनही निम्मा. शरीराचा पहिला उपाय साधा: जास्त श्वास घ्या. पण भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्ताची आम्लता घटते, आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्र त्याला लगाम घालतं. रात्री झोपेत हे ठळक दिसतं. श्वास वाढत जातो, मग काही सेकंद थांबतोच, मग माणूस दचकून मोठा श्वास घेतो. शेजारी झोपलेल्याची त्यानं झोप उडते. हा लगाम सैल करायचं काम मूत्रपिंडं करतात. ती बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, आम्लता जागेवर येते आणि श्वासाला मोकळीक मिळते. या कामाला काही दिवस लागतात, आणि व्यायामानं ते लवकर होत नाही. डायमॉक्सची गोळी घेतात ती याच कामाला हातभार म्हणून. गोळीनं लघवीला वारंवार का जावं लागतं, त्याचं उत्तरही इथेच आहे. गोळी घ्यायची की नाही ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं, सल्फाची ॲलर्जी असेल तर नक्कीच. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात हे खरं, पण त्याला आठवडे लागतात. सहलीच्या दिवसांत त्यांचा फारसा उपयोग नाही.

म्हणूनच सह्याद्रीत कमावलेला दम इथे अर्धाच कामाला येतो. कळसूबाई १६४६ मीटर. किलिमांजारोच्या बहुतेक वाटा त्याहून उंचावर सुरू होतात. आठवड्याला दोन वेळा सिंहगड चढून पाय तयार होतात, गुडघे उतरणीला टिकतात, आणि हे हवंच. पण मूत्रपिंडांना सिंहगडाचा पत्ता नसतो. उलट, ज्याच्या पायांत ताकद जास्त तो पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांच्या पुढे पळतो आणि चौथ्या दिवशी डोकं धरून बसतो. गाइड लोक अशा माणसावर पहिल्यापासून डोळा ठेवतात.

आम्ही गेलो तो बेत दोन ज्वालामुखींचा होता: आधी मेरू, मग किलिमांजारो. मेरू ४५६६ मीटरचा, किलिमांजारोपासून साधारण सत्तर किलोमीटरवर, अरुशा राष्ट्रीय उद्यानात. त्याला बरेच जण सरावाचा डोंगर म्हणतात, आणि ते मला पटत नाही. असा डोंगर मी दुसरा पाहिलेला नाही. त्याची पूर्वेकडची बाजू पुरातन काळी ढासळून गेली आहे. त्यामुळे विवर घोड्याच्या नालासारखं एका अंगाला उघडं पडलंय. उरलेल्या कड्याच्या धारेवरून वाट शिखराकडे जाते. डाव्या हाताला, खूप खाली, विवराच्या मधोमध राखेचा एक काळा नेटका शंकू उभा आहे. शेवटचा लहानसा उद्रेक १९१० मध्ये झाला, म्हणजे माझ्या आजीच्या लहानपणी.

मोमेला फाटकापासून बंदूकधारी रेंजर बरोबर असतो, कारण खालच्या कुरणांत आणि रानात रानरेडे आहेत. रेंजर पुढे, आपण रांगेत मागे, कुणी रांग सोडायची नाही. या एका नियमानं चालीचा प्रश्नच मिटतो. रानरेड्यांच्या भीतीनं का होईना, पहिल्या दिवशी सगळे हळू चालतात. मिरियाकांबाच्या मुक्कामापर्यंत जिराफ दिसतात, कोलोबस माकडं दिसतात. काळ्या अंगावर पांढऱ्या लांब केसांची झूल असलेली ही माकडं एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेतात तेव्हा झूल मागे तरंगते. दुसरा मुक्काम सॅडल हट, ३५७० मीटर. तिथे दुपारी पोचलो की चहा घेऊन लगेच झोपायचं नाही. शेजारचा छोटा मेरू, ३८२० मीटर, चढून परत खाली यायचं. ही या सगळ्या शास्त्रातली मुख्य युक्ती: दिवसा उंच जा, रात्री खाली झोपा. शरीराला वरच्या हवेची चुणूक मिळते आणि दुरुस्तीचं काम मात्र खालच्या, बऱ्या हवेत होतं.

शिखराच्या रात्री धारेवर वारा होता. पहाट झाली तेव्हा पूर्वेला ढगांच्या वर किलिमांजारो उभा होता, सपाट माथ्याचा, आणि सूर्य त्याच्याच मागून आला. ज्या डोंगरावर जायचंय तो दुसऱ्या डोंगराच्या माथ्यावरून असा पाहायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

किलिमांजारोसाठी आमची वाट लेमोशो होती. पश्चिमेकडून येणारी, लांब, आठ दिवसांची. मुक्कामांच्या उंचीवर नजर टाकली तरी बेत कळतो: सुमारे २७००, ३५००, ३८५०, मग ३९५०, ४०००, आणि मग बराफू ४६७३. शिरा पठारापासून पुढे तीन रात्री झोपायची उंची जवळजवळ वाढतच नाही, आणि पाय मात्र रोज चढतात, रोज उतरतात. नकाशावर हे निव्वळ भटकणं वाटतं.

पहिल्या दिवशीच्या जंगलात वाटेच्या कडेला, ओल्या सावलीत, तांबडं-पिवळं, हत्तीच्या सोंडेगत शेपूट वळवलेलं एक इवलं फूल दिसतं. ते आपल्या तेरड्याच्या कुळातलं आहे, आणि जगात फक्त याच डोंगरावर उगवतं. कास पठारावर तेरडा पाहिलेल्या मराठी माणसानं इथे थांबून खाली वाकावं. जंगल संपलं की उंच हेदर, मग पठार. शिरा हा किलिमांजारोच्या तीन ज्वालामुखींपैकी सर्वांत जुना. तो केव्हाच खचला आणि भरून आला. दुसरा मावेन्झी, दातेरी सुळक्यांचा. तिसरा किबो, ज्याच्या माथ्यावर शिखर आहे. त्याच्या विवरात आजही गंधकाची वाफ निघते. सह्याद्री हाही ज्वालामुखीनंच घडवला, पण आपल्याकडे भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरांवर थर आडवे पसरले. इथे तो मुखातून उसळून शंकूवर साचत गेला. पायाखालचा दगडही वेगळा. काळ्या खडकात बोटाच्या पेराएवढे फिकट स्फटिक, हुबेहूब शंकरपाळ्याच्या आकाराचे. मी तो दगड हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि जागच्या जागी ठेवून दिला.

लावा टॉवरचा दिवस हा या वाटेचा कणा. सकाळी ३८५० वरून निघून दुपारी ४६०० वर, जिथे ज्वालामुखीच्या नळीत थिजलेल्या खडकाचा एक प्रचंड खांब उभा आहे. तिथे बसून जेवायचं. जेवण कसलं, बहुतेकांना घास जात नाही. माझं डोकं दुखत होतं, कपाळापासून मानेपर्यंत एक पट्टा आवळल्यासारखं. गाइडनं बोटाला ऑक्सिमीटर लावला: ७८. करोनाच्या दिवसांत हेच यंत्र आपल्या घराघरांत होतं आणि ९४ च्या खाली आकडा गेला की आपण रुग्णवाहिकेला फोन करायचो. त्यामुळे ७८ वाचून पोटात गोळा आला. गाइड शांत होता. तो आकड्याबरोबर माणूस वाचतो: बोलणं सरळ आहे का, बुटाची नाडी स्वतः बांधता येते का, टाचेला बोटं लावून सरळ रेषेत चालता येतं का. तास-दीड तास काढून आम्ही बरांकोच्या दरीत उतरलो, ३९५० वर. उतरता उतरता डोकं आपोआप थांबलं. संध्याकाळी आकडा ८७ आणि ताटात मेतकूट-भात दोनदा घेतला.

बरांकोच्या दरीतले राक्षसी सेनेसिओ पाहताना वाटलं की उंचीशी जुळवून घ्यायची युक्ती या झाडांना माणसाआधी सापडली. पुरुषभर-दोन पुरुष उंच बुंधे, शेंड्याला कोबीसारखा पानांचा गड्डा. वाळलेली पानं गळून पडत नाहीत. ती बुंध्याला लपेटून राहतात आणि थंडीत आतलं पाणी गोठू देत नाहीत. शेजारच्या लोबेलिया रात्री पानं मिटून घेतात. इथे दिवसा उन्हाळा आणि रात्री हिवाळा असतो, रोज.

किलिमांजारोच्या चढाईच्या इतिहासातही उंचीला दिवस देण्याचीच गोष्ट आहे. विषुववृत्तालगत बर्फ असल्याचं योहानेस रेबमान या मिशनऱ्यानं १८४८ मध्ये पाहून कळवलं, तर लंडनमधल्या भूगोलपंडितांनी ते थोतांड ठरवलं. पुढे जर्मनीचा हान्स मायर दोनदा आला आणि दोनदा परतला. तिसऱ्या खेपेला, १८८९ मध्ये, त्यानं लुडविग पुर्टशेलर हा कसलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक बरोबर घेतला, आणि वेगवेगळ्या उंचीवर तळ टाकून खालून अन्न नियमित वर येत राहील अशी माणसांची साखळी लावली. त्यामुळे एक प्रयत्न फसला तरी तळाला परतावं लागलं नाही, वरच राहून पुन्हा जाता आलं. ६ ऑक्टोबरला ते माथ्यावर पोचले. ती साखळी पायथ्याच्या चग्गा गावांतल्या माणसांची होती. जर्मन सम्राटाचं नाव दिलेलं ते शिखर १९६१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, झालं. अलेक्झांडर न्यिरेंडा या लष्करी अधिकाऱ्यानं तिथे मशाल पेटवली.

साखळी आजही तशीच आहे. दहा-बारा जणांच्या गटामागे चाळीस माणसं असतात. फाटकावर सामानाचं वजन होतं. कंपनीचं ओझं माणशी २० किलोच्या वर जाऊ नये असा नियम. आपण तंबू सोडून निघतो, मागून ही माणसं तंबू गुंडाळतात, डोक्यावर घेतात, आपल्याला ओलांडून पुढे जातात, आणि आपण पोचतो तेव्हा तंबू उभा असतो, पाणी तापलेलं असतं. हमालांना मजुरी पूर्ण मिळते का, दोन वेळा जेवण आणि थंडीचे कपडे मिळतात का, यावर किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था २००३ पासून काम करते. दिवस कापणारी स्वस्त सहल याही ठिकाणी कात्री लावते. मजुरी कापून वाचवलेल्या पैशांवर मला तरी शिखर नको आहे.

बराफूला पोचलो ते खडकाळ, उताराचं, वाऱ्याचं ठिकाण. तिथे पाणी नाही. हमाल ते खालच्या करांगा दरीतून वाहून आणतात. अकराला उठून मध्यरात्री निघालो. रात्री निघण्याचं कारण असं की भुसभुशीत उतार तेव्हा गोठलेला असतो आणि उजाडताना वर पोचून ढग येण्याआधी उतरता येतं. गाइडची चाल इतकी मंद की एक पाऊल आणि पुढचं पाऊल यांत पूर्ण श्वास बसावा. पोले पोले, हळूहळू, एवढंच तो मधून मधून म्हणायचा. पाण्याच्या पिशवीची नळी गोठली. कुणी बोलत नव्हतं.

साडेपाच हजारांच्या आसपास आमच्या गटातला सर्वांत तगडा मुलगा, फुल मॅरेथॉन धावणारा, रांगेतून बाजूला गेला आणि खडकाला टेकला. गाइडनं त्याला नाव विचारलं, काल काय जेवलास ते विचारलं, मग दिव्याच्या उजेडात चार पावलं सरळ चालायला सांगितली. तो दुसऱ्या पावलाला कलंडला. मेंदूला सूज यायला लागल्याची ही खूण. त्यावर चर्चा झाली नाही. सहायक गाइड त्याला घेऊन तिथूनच खाली वळला. मुलगा रडत होता, शिखर दिसतंय म्हणत होता. ४००० च्या खाली उतरेपर्यंत तो सरळ चालायला लागला आणि संध्याकाळी उतरणीच्या मुक्कामावर, मवेकाला, आमच्या आधी येऊन बसला होता. इतके दिवस देऊनही एखाद्या शरीराला ते पुरत नाहीत, आणि कोणाच्या, हे आधी सांगता येत नाही. म्हणून वळवणारा माणूस हवा. त्याच उतारावर दुसऱ्या गटातल्या कुणाला तरी एका चाकाच्या स्ट्रेचरवर बांधून सहाजण दगडांवरून धावत खाली नेत होते.

स्टेला पॉइंटला, ५७५६ मीटरवर, विवराच्या कडेला उजाडलं. तिथून उहुरू तासाभरावर. डाव्या हाताला हिमनदीच्या उरलेल्या भिंती, निळसर, उभ्या कापलेल्या. १९१२ मध्ये या डोंगरावर जेवढा बर्फ होता, त्यातला सुमारे ८५ टक्के २००७ पर्यंत गेला होता, आणि तो जाण्याचं थांबलेलं नाही. मी त्या भिंतींकडे पाहत राहिले आणि शिखराच्या पाटीजवळ फोटोची रांग होती तिकडे उशिरा गेले.

परतल्यावर लोक विचारतात, आमची रजा आठ दिवसांचीच आहे, त्यात बसेल का? प्रवासाचे दिवस काढले तर डोंगराला पाच उरतात. शिवाय २६ जानेवारीलाच माथ्यावर झेंडा लावायचा असं ठरलं की थांबायला मोकळा दिवस उरत नाही, आणि आजारी माणूसही झेंड्यासाठी पुढे ढकलला जातो. दिवाळीची सुट्टी तर तिकडच्या छोट्या पावसाळ्यात येते. माझं उत्तर ठरलेलं आहे. आठ दिवस असतील तर किलिमांजारो पुढच्या वर्षावर टाका आणि मेरूला जा. चार दिवसांचा बेत घ्या, तीन दिवसांचा नको. सॅडल हटला पोचलात की छोटा मेरू चढून या. गर्दी कमी, खर्च कमी, रानरेडे, जिराफ, विवराची धार, आणि पहाटे समोर किलिमांजारो. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने. रेंजरच्या मागे रांगेत राहा.